फायरमन

आधी त्यांनी मला थंड केलं.
निळं जाकीट, त्याच्या नळ्यांतून गार पाणी, दोन तास.
जानेवारी, कंपूतलं इस्पितळ, बाहेर धुकं एवढं
की किल्ला जागेवर आहे हे सवयीनंच मानायचं.
कुडकुडायचं मात्र नाही, डॉक्टर कुशवाह म्हणाली,
कुडकुडलात की स्नायू राबतात, आमचा हिशेब चुकतो.

मी म्हटलं, बाई, बिर्लानगरच्या गिरणीत
बत्तीस वर्षं बॉयलरपुढे उभा होतो,
मला थंडीचा सराव नाही.

मग बोगद्यात सरकवलं.
पडद्यावर मी, राखी रंगात.
पोट म्हणजे भिजलेल्या कापसाची गासडी,
आणि गळ्याखालच्या हाडाच्या वर, दोन्ही अंगांना
दोन ठिपके, गजकावरच्या तिळाएवढे.
'ही तपकिरी चरबी. अजून जिवंत आहे.'
माझ्यातल्या कशाबद्दलही इतक्या कौतुकानं
कुणी बरेच दिवसांत बोललं नव्हतं.

पांढरी साठवते, तिनं सांगितलं, तपकिरी जाळते.
साखर जाळते, तेल जाळते
आणि त्यातून काम कसलंच करत नाही.
चाक नाही, पट्टा नाही, नुसती ऊब.

मी उठूनच बसलो.
आमच्याकडे याला गुन्हा म्हणत.
वाफ इंजिनाला न जाता झडपेतून सुटली
तर साहेब जिना उतरून खाली यायचा.
आणि इथे डॉक्टर म्हणते, हेच हवंय.

गिरणी बंद झाली तेव्हा भोंगा थांबला,
पोटाला कुणी कळवलं नाही.
मी पाळीवर असल्यासारखा जेवत राहिलो,
कोळसा येतोय, भट्टी विझलेली.
पाचव्या वर्षी थकबाकी निघेल म्हणत होते.
साखर निघाली.

'पोटातली थोडी पांढरी सुईनं काढायची,
काचेच्या ताटलीत तिला जाळायला शिकवायचं,
शिकली की परत अंगात सोडायची.'

म्हणजे उमेदवार!
असे सात पोरगे मी तयार केलेत.
फावडं कुठे धरायचं, जाळाचा रंग कसा वाचायचा,
लाल असेल तर भुकेला, पांढरा असेल तर माजलेला.
मुरैन्याच्या रामऔतारनं पहिल्याच दिवशी भुवया जाळून घेतल्या,
पुढे तोच सगळ्यांत चांगला निघाला.
बाई, घाई करू नका, एवढंच सांगेन. आणि एकट्याला सोडू नका.

'माझ्यावर कधी?'
'उंदरांवर झालंय, इंगळेजी. बारीक झाले, साखर उतरली.
माणसांना वेळ लागेल.'
किती, ते ती बोलली नाही.
मी एकोणसत्तरचा, ते तिच्यासमोरच्या कागदावर होतं.
गोळ्या चालू ठेवा. चालत जा.

निघताना म्हणाली, तान्ह्या बाळांना ही भरपूर असते,
पाठीवर, पंख असते तर जिथे फुटले असते तिथे.
त्यांना कुडकुडता येत नाही ना, म्हणून.

चालत आलो. गल्लीत गजकवाल्यांचे हातोडे सुरू झाले होते.
समोरच्या भदौरियांकडे अकरा दिवसांची पोर आहे,
तिची आजी ओसरीवर तेल लावत होती.
मी हात शेगडीवर शेकले, मग विचारलं,
आणि दोन बोटं पोरीच्या पाठीवर ठेवली.
आहे.
कुणी कोळसा टाकत नाही, कुणी हजेरी घेत नाही.

रात्री कुमुद गच्चीवर आली तर मी मफलर काढून बसलेलो,
सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी.
डोकं फिरलंय का, ती म्हणाली.
मी म्हटलं, थांब जरा, बोलू नकोस.
दाब चढायला वेळ लागतो.
तिनं शाल आणली. दिली नाही,
स्वतःच पांघरून शेजारी बसली.
खाली तीळ कुटत होते. वास वर येत होता.
मला अजून काहीच जाणवत नव्हतं, फक्त थंडी.